पालथं फुलपात्र

आमच्या साहेबांच्या सायकलला घंटा नव्हती. वाटेत म्हैस आडवी आली की ते एक पाय जमिनीला टेकून थांबत आणि खणखणीत आवाजात म्हणत, "सरकार येतंय, बाजूला व्हा!" म्हैस हलत नसे. मग साहेब उतरत, सायकल हातात धरून शेतातून तिला वळसा घालत, आणि पलीकडे पोचल्यावर मागं वळून तिला म्हणत, "आभारी आहे."

हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आलं होतं. पण मी हसले नाही. कचेरीत मी नवी होते, आणि तेव्हा मी कुठेच पटकन हसत नसे.

कचेरी शेतकी खात्याची. बोरिवली स्टेशनपासून जरा आत, एका जुन्या बंगल्याच्या आउटहाउसमध्ये होती. देशात धान्य कमी पडत होतं, म्हणून सरकार शेतकऱ्यांना बी-खताला, बांधबंदिस्तीला आणि मुख्य म्हणजे विहिरींना पैशांची मदत देत होतं. कागदावर तिला अनुदान म्हणत, साहेब नुसतं मदत म्हणत आणि शेतकरी सबशिडी म्हणत. मुंबईत कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही, पण कांदिवली, बोरिवली, दहिसर ही तेव्हा भाताची गावं होती. पावसाळ्यात आमच्या खिडकीतून पार खाडीपर्यंत हिरवं दिसे.

विहिरीची मदत दोन हप्त्यांत मिळे. पहिला खोदाईला, दुसरा पाणी लागल्यावर आतून दगड बांधायला. दुसरा हप्ता सुटण्याआधी साहेबांनी जाऊन, हे पाणी पिकाला चालेल, असा दाखला द्यायचा असे. खाडीकाठच्या गावांत सगळं घोडं तिथंच अडायचं. खणता खणता कधी खारं पाणी लागेल याचा नेम नसे.

मला घेतलं होतं ते टायपिंगसाठी. मुंबईच्या वरच्या कचेरीशी पत्रव्यवहार इंग्रजीत चाले, आणि मी इंग्रजी शाळेत शिकलेली. घरी आम्ही मराठीच बोलायचो, पण मराठी लिहिताना मी चाचपडे. बोलायचं तर मी दोन्ही भाषांत टाळत असे. साहेब मराठीत सांगत, मी इंग्रजीत उतरवी.

"लिहा," ते म्हणत, "दहिसरची नदीकाठची माती रागीट आहे, पण मनानं वाईट नाही. तिला वेळेवर पाणी दिलं की ती ऐकते."

मी टाइप करी, त्याचा अर्थ एवढाच होई की माती जड पण सुपीक आहे. मग ते मला त्याचं पुन्हा मराठी करून सांगायला लावत.

"राग कुठं गेला?"

"इंग्रजीत बसत नाही, सर."

"मग ते लोक शेती कशी करतात?" असं म्हणून ते खरोखरच विचारात पडत.

खोलीत त्यांना एक खुर्ची होती, पण तिच्यावर बिस्किटांचे जुने डबे रचलेले असत. प्रत्येक डब्यात एकेका गावची माती. साहेब स्वतः खिडकीच्या कट्ट्यावर बसत. कुणी भेटायला आलं की आधी डबा उघडून ओळख करून देत. "ही एक्सरची. ही गोराईची, हिला समुद्राची सवय आहे." पाहुणा बिचारा मातीकडे बघून मान हलवी. एकदा विम्याचा एजंट आला होता. त्यानं मातीला नमस्कारच केला.

ते घाटावरचे. उंच, काटकुळे, डोक्यावर सोला हॅट, आणि तिच्याखाली उन्हाळ्यात ओला पंचा. एकटेच राहत. तपासणीच्या दिवशी त्यांचा एक नेम होता. सकाळपासून चहा नाही, मीठ नाही, सुपारी नाही. बरोबर एक पितळेचं फुलपात्र. विहिरीवर गेलं की पोहरा सोडायला सांगायचे, फुलपात्र भरून घ्यायचे, हॅट काढायची, डोळे मिटायचे आणि प्यायचे. सगळा गाव श्वास धरून उभा. मग साहेब डोळे उघडून ओरडत, "गोड!" आणि लोक हसायला लागत. नियमात चाखण्याबद्दल एक अक्षर नव्हतं. पण त्या जिभेवर वरची कचेरीसुद्धा विसंबून असे.

त्या जिभेचं एक उदाहरण आमचा शिपाई भिकाजी प्रत्येक नव्या माणसाला ऐकवी. दहिसरच्या एका बड्या जमीनदारानं साहेबांना नवी विहीर बघायला नेलं. बांधावरून, करवंदीच्या जाळीतून, फिरवून फिरवून नेलं. काठावर ताजी माती, नवा रहाट, नारळ फोडलेला. साहेब पाणी प्याले आणि म्हणाले, "नमस्कार."

"कोणाला, साहेब?" जमीनदार म्हणाला.

"विहिरीला. आमची ओळख आहे. गेल्या वर्षी ही तुमच्या मेहुण्याच्या नावावर होती. तेव्हा आम्ही पलीकडच्या रस्त्यानं आलो होतो."

"सायबांची जीब म्हणजे तराजू आसा, बाय," भिकाजी मला सांगे. "तेंका फसवूक मानूस जलमाक येवचो आसा."

त्यांचा आणखी एक हट्ट होता. मदतीचे पैसे ते कचेरीत कधी देत नसत. शेतावर जायचे, विहिरीच्या काठावर उभं राहायचे आणि आधी विचारायचे, "घरधनीण कुठाय?" ती आल्याशिवाय पाकीट खिशातून बाहेर निघत नसे. ती आली की ते पाकीट पुढं करत आणि दर वेळी तेच म्हणत, "हे तुमचं नाही, विहिरीचं आहे. तुम्ही नुसतं पोचवायचं." मग त्या माणसाला "मी पोचवतो" असं म्हणावं लागे. काही जण लाजत, काही जण तोंड फिरवून हसत. पण म्हणत सगळे.

माझ्या दुसऱ्या हिवाळ्यात साहेबांना टायफॉइड झाला. बरेच दिवस रजेवर होते. परत आले तेव्हा हॅट डोक्यात सैल झाली होती. भिकाजीला इतका आनंद झाला की त्या गडबडीत त्यानं चहात साखरेऐवजी मीठ घातलं. मी एक घोट घेतला आणि कप तसाच खाली ठेवला. साहेबांनी कप संपवला, मिशा पुसल्या आणि म्हणाले, "फर्मास झालाय, भिकाजी."

मी वर पाहिलं. ते माझ्या भरलेल्या कपाकडे बघत होते. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घालून टाइपरायटरवर कागद चढवला. भिकाजी कप उचलायला आला तेव्हा माझा चहा मी खिडकीतून ओतून टाकला होता.

संध्याकाळी निघताना साहेब म्हणाले, "टायपिस्टबाई, उद्यापासून दौऱ्यावर तुम्हीही यायचं. जागेवरच नोंदी करायच्या."

आईला ते मुळीच पटलं नाही. "टायपिंगला घेतलंय ना तुला? मग विहिरी बघत काय फिरतेस?" वडील म्हणाले, सरकारी काम आहे. मी दुसऱ्या दिवसाचा डबा भरायला घेतला. का न्यायचं होतं ते मला कळलं होतं, आणि ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.

पहिल्या विहिरीवर साहेब नेहमीसारखे डोळे मिटून प्याले. मग फुलपात्र पुन्हा भरून माझ्याकडे दिलं. "बघा बरं, गाळ आहे का." मी प्याले. पाणी गार आणि गोड होतं. घरी आई भांडी पालथी घालते, त्या सवयीनं मी उरलेलं पाणी झटकलं आणि फुलपात्र काठावर पालथं ठेवलं. साहेबांनी तिकडे पाहिलं आणि ओरडले, "गोड!" दुसऱ्या विहिरीचं पाणी गढूळ, कुजक्या पाल्यासारखं लागलं. मला ते संपवता आलं नाही, फुलपात्र भरलेलंच हातात राहिलं. साहेब म्हणाले, "अजून उपसा करा. पुन्हा येतो." पुन्हा गेलो तेव्हा ते गोड झालं होतं.

एवढंच. आम्ही त्यावर कधी एक शब्द बोललो नाही. पालथं म्हणजे गोड. तोवर माझं मत कुणी इतकं मनावर घेतलं नव्हतं, आणि ते माझं आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. मला ते फार सोयीचं वाटे. टांग्यात मी आणि भिकाजी, पुढं साहेब सायकलवर, आणि मध्येच "सरकार येतंय!" अशी आरोळी. त्या हिवाळ्याइतकं मोकळं मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं.

मग आम्ही चारकोपला गेलो.

चारकोप खाडीच्या तोंडाशी आहे. कांदिवलीला टांगा सोडायचा आणि बांधांवरून चालत जायचं. एका बाजूला मिठागरं, दुसऱ्या बाजूला तिवरं. विहीर कॅतरीनबाईंची होती, तिथल्या जुन्या ख्रिस्ती कुटुंबातल्या. नवरा वारल्यावर त्या एकट्याच भाजी लावत आणि डोक्यावरून बोरिवलीच्या बाजारात नेत. गळ्यातली साखळी मोडून त्यांनी खोदाईतला स्वतःचा वाटा घातला होता. माती रेताड. विहिरीच्या कडा ताडाच्या ओंडक्यांनी धरून ठेवल्या होत्या. आतून दगड लागला नाही तर पहिल्या पावसात ती सगळी आत बसणार, हे मलाही दिसत होतं. शिवाय सरकारी वर्ष मार्चअखेर संपायचं, आणि तोवर न उचललेले पैसे परत जायचे.

साहेब प्याले. फुलपात्र माझ्याकडे आलं.

शाळेत भूगोलाच्या पुस्तकात 'ब्रॅकिश' असा एक शब्द होता. तो मी पाठ केला होता, प्याले कधी नव्हते. पाणी अगदी खारं नव्हतं. पण घोट गेल्यावर घशाशी काहीतरी मागं राहत होतं. मी आणखी एक घोट घेतला, तसाच. फुलपात्र माझ्या हातात राहिलं.

साहेब वाट बघत होते. शेजारपाजारचे आठ-दहा जण जमले होते. कॅतरीनबाई लुगड्याचा काष्टा मारून, कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. त्यांच्या बोलीत सगळ्यांना तूच असे.

"काय झाला सायेब? बोल ना. गोड हाय ना?"

साहेबांनी हॅट काढली होती, ती आता छातीशी धरली. "कॅतरीनबाई, मला चव कळत नाही."

लोक हसले. साहेबांची गंमत वाटली त्यांना.

"खरंच सांगतो. दुखण्यात गेली. तेव्हापासून या बाई चाखतात आणि मी ओरडतो. आजवर चाललं, कारण आजवर शेवटी सगळीकडं गोडच निघालं. दुसऱ्याच्या जिभेनं गोड म्हणता येतं. नाही म्हणायला जीभ स्वतःची लागते." मग माझ्याकडे वळून ते म्हणाले, "बाई, तुम्हीच सांगा."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला वाटलं, आत्ता हे पाणी जमिनीवर ओतावं आणि फुलपात्र पालथं करावं. कुणी मला थांबवलं नसतं.

"मचूळ आहे," मी म्हणाले.

"जोरान सांग गो, आयकू नाय आला."

"मचूळ आहे."

कॅतरीनबाईंनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "शिकलेली पोर तू. तोंडातून येक गोड सबद काराला काय झाला तुला? आनि पावसात माजी बाव कोसळली का तू येशील काय दगुड लावाला? तुजे ते टकटक मशीन घेऊन?"

 साहेब काठावर उकिडवे बसले होते आणि आत बघत होते. 

"तुम्ही लावणार काय इथं?" त्यांनी विचारलं.

"माठ. मुळा. दुसरा काय? गुलाब लावू?"

"माठ," साहेब म्हणाले. ते उठले आणि गुडघे झटकले. "दाखल्यात काय लिहायचं असतं, बाई? पाणी पिकाला चालेल. इतकी वर्षं मी पिकाच्या वतीनं चाखत आलो. आता पिकालाच विचारू."

परतताना भिकाजी माझ्याशी बोलेना. मग बांधावर थांबून म्हणाला, "बाय, येक सबद गोड बोलाक तुझा काय जाता व्हता?"

"भिकाजी," साहेब मागून म्हणाले, "सायकल धर." सायकल त्याच्याकडे देऊन ते माझ्याबरोबर चालू लागले. बरंच अंतर गेल्यावर म्हणाले, "तुमचा आवाज चांगला आहे. मला वाटलं होतं, बारीक असेल."

दुसऱ्या दिवशी रॉकेलचे दोन डबे उभे कापून कचेरीच्या ओट्यावर मांडले गेले. दोन्हींत कॅतरीनबाईंच्या शेतातली माती, दोन्हींत लाल माठाचं एकच बी. डावीकडच्या डब्याला बंगल्याच्या विहिरीचं पाणी, उजवीकडच्याला चारकोपचं. ते कॅतरीनबाई स्वतः बाजाराच्या दिवशी हंड्यातून आणत. भाजीची पाटी डोक्यावर, हंडा कमरेवर. ओट्यावर हंडा ठेवून माझ्याकडे न बघता म्हणत, "घे. तुजा मचूळ."

डावीकडं लवकरच लाल टोकं दिसली. उजवीकडं काहीच नाही. साहेब रोज सकाळी डब्यापुढं बसून मातीशी बोलत. "घाई नाही. पण मार्च जवळ आलाय, एवढं लक्षात असू दे." मग एका सकाळी उजवा डबाही उगवला, आणि बघता बघता डाव्याच्या पुढं गेला. आम्ही सगळे खूश. पण मला ते जरा विचित्र वाटलं. दुसऱ्या दिवशी मी लवकर आले, तर भिकाजी बंगल्याच्या विहिरीचं पाणी उजव्या डब्यात घालत होता.

मी काही म्हणणार तोच माझ्या मागं साहेब.

"भिकाजी," ते म्हणाले, "साक्षीदाराला चहा पाजू नये."

"सायबा, ती रांडमुंड बाई..." भिकाजीचे डोळे भरून आले होते.

"माहीत आहे. म्हणूनच." साहेबांनी दोन्ही डबे ओट्याखाली उलटे केले. नवी माती आणली, नवं बी पेरलं. इतके दिवस वाया गेले होते आणि पुढं फारसे उरले नव्हते. त्या दिवशी साहेब सबंध दिवस कुणाशी बोलले नाहीत. मातीच्या डब्यांशीसुद्धा नाही.

त्याच आठवड्यात त्यांनी मला वरच्या कचेरीसाठी मजकूर सांगितला. त्यात सगळं होतं. टायफॉइड, जीभ, फुलपात्र, मी, चारकोप, माठ. "लिहा, माझी जीभ मेली आहे, पण मी हे लपवलं. कारण विहिरीवर जायचं सोडून इथं कट्ट्यावर बसायची मला भीती वाटत होती."

मी थांबले. "सर, हे शेवटचं घालायलाच हवं का?"

"का, इंग्रजीत बसत नाही?"

"बसतं."

"मग घाला."

एरवी मी त्यांच्या मजकुराची निम्मी वाक्यं गाळत असे. त्या दिवशी एकही गाळलं नाही.

मार्च संपत आला तेव्हा मुंबईहून मोठे साहेब आले. सूट, बूट आणि कपाळावर आठी. आमचे साहेब त्यांना सरळ ओट्यावर घेऊन गेले. दोन्ही डब्यांत माठ उभा होता. चारकोपचा बोटभर खुजा होता, पण त्याचा लाल रंग जास्त गडद होता. मोठ्या साहेबांनी पानं उलटून पाहिली. "दिसतंय ठीक. पण खायला?"

"जेवायला थांबा," आमचे साहेब म्हणाले.

भिकाजीनं मागच्या स्टोव्हवर दोन्ही डब्यांचा माठ वेगवेगळा परतला. लसूण, मिरची, ओलं खोबरं. तांदळाच्या भाकरी. खुर्चीवरचे मातीचे डबे उतरवून मोठ्या साहेबांना बसवलं, बाकीचे आम्ही जमिनीवर. मोठ्या साहेबांनी एक भाजी चाखली, मग दुसरी, आणि मग दुसरीच पुन्हा मागून घेतली.

"मीठ या भाजीत बेताचं पडलंय," ते म्हणाले.

"सायब," भिकाजी अदबीनं म्हणाला, "तेतूर मी मीठ घातलाच नाय."

ती चारकोपची होती. मीठ खरंच घातलं नव्हतं की नाही, हे मी भिकाजीला आजवर विचारलेलं नाही.

मोठे साहेब जेवत होते तेव्हा आमच्या साहेबांनी माझ्याकडे झुकून हळूच विचारलं, "कशी लागते?"

त्यांच्या पानातही तीच भाजी होती. ते घास घोळवत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीच उमटत नव्हतं. मी म्हणाले, चांगली आहे. ते वाट बघत राहिले. मग मी सांगायला लागले. आधी लसूण येते, मी म्हणाले. मग मातीचा वास येतो, पाऊस पडल्यावरच्या मातीचा नाही, उन्हात भिजवलेल्या मातीचा. देठ जरा चिवट आहेत, पण चावले की गोडसर पाणी सुटतं. आणि सगळं गिळून झाल्यावर, अगदी शेवटी, एक बारीकसा खारटपणा राहतो. तो वाईट लागत नाही. त्यामुळं दुसरा घास घ्यावासा वाटतो. एका दमात इतकं मी तोवर कुणाशीच बोलले नव्हते. साहेब डोळे मिटून हळूहळू चावत होते, जणू मी सांगत होते ते एकेक तिथं शोधत होते.

निघताना मोठे साहेब इंग्रजीत एवढंच म्हणाले की, दाखला पाठवा, मी सही करतो. आठी तशीच होती.

विहिरीचा हप्ता मंजूर झाला. त्याबरोबर आमच्या साहेबांसाठी हुकूमही आला. निवृत्तीपर्यंत दौरे बंद, बैठं काम. साहेबांनी तो मला मोठ्यानं वाचायला लावला आणि म्हणाले, "इंग्रजीत बरं बसलंय." मग कट्ट्यावर बसून ते खिडकीबाहेर बघत राहिले.

चारकोपला पैसे द्यायला तात्पुरते आलेले एक तरुण साहेब गेले. मी आणि भिकाजी बरोबर होतो. आमचे साहेब त्या दिवशी रजा टाकून, आपले आपण, सायकलनं आले आणि गर्दीच्या मागं ताडाला टेकून उभे राहिले. तरुण साहेबांना परतायची घाई होती. त्यांनी अंगठ्यासाठी शाईचा पॅड पुढं केला आणि पाकीट काढलं. कॅतरीनबाईंनी हात मागं घेतले.

"असा नाय."

"मग कसं?"

"तो सायेब बोलतो तसा बोल."

तरुण साहेबांनी आमच्याकडे पाहिलं. आम्ही मागं पाहिलं. आमचे साहेब ताडापासून हलले नाहीत. पण तोच खणखणीत आवाज आला, म्हशींना घालायचे तो. "हे तुमचं नाही, विहिरीचं आहे. तुम्ही नुसतं पोचवायचं!"

"पोचवते," कॅतरीनबाई म्हणाल्या, आणि त्यांनी दोन्ही हातांनी पाकीट घेतलं.

साहेब त्याच वर्षी निवृत्त झाले आणि घाटावर आपल्या गावी गेले. जाताना मातीचे डबे त्यांनी बंगल्याच्या बागेत एकत्र रिकामे केले. म्हणाले, भांडतील सुरुवातीला, मग जमेल. पितळेचं फुलपात्र माझ्या टाइपरायटरशेजारी ठेवलं होतं. मला ते दुसऱ्या दिवशी दिसलं, कारण निरोपाच्या वेळी मी मान वर केलीच नव्हती.

मग आमची गावं मुंबईच्या हद्दीत गेली. मुंबईत शेती नसते, असं वर कुणीतरी ठरवलं असावं. कचेरी उठली. भिकाजी मालवणला गेला. मी आता फोर्टमध्ये एका मोठ्या इमारतीत टाइप करते. तिथं मजकुरात गाळण्यासारखं काही नसतं. परवा एका साहेबांनी मला बैठकीत विचारलं, तुमचं काय मत. मी दिलं. जोरात दिलं. ते सगळे जरा दचकलेच.

मागच्या रविवारी मी चारकोपला गेले होते. बांध अजून आहेत, पण काही शेतांत प्लॉटच्या खुंट्या मारलेल्या दिसल्या. विहीर उभी आहे. आतून घट्ट काळा दगड, आणि भोवती माठाचे लाल वाफे. कॅतरीनबाई वाफ्यात होत्या. त्यांनी मला पाहिलं, पिशवीतून मी काढलेलं फुलपात्र पाहिलं, आणि पोहरा सोडला.

मी अर्धं प्याले.

"काय गो? कसा हाय?"

"मचूळ."

"तुजी जीब काय सुदरली नाय," त्या म्हणाल्या आणि मोठ्यानं हसल्या. मीही हसले.

मग उरलेलं अर्धं मी शेवटच्या घोटापर्यंत प्याले, आणि फुलपात्र विहिरीच्या दगडावर पालथं ठेवलं.